प्रेक्षकांना आई आवडली नाही

"आई, काढा आता पट्टी!" कार्यक्रमाची सूत्रसंचालिका मधुरिमा ओरडली आणि आमच्या गल्लीत हलगी कडाडली.

आईनं डोळ्यांवरची पट्टी ओढूनच काढली. वाहिनीच्या लोकांनी नेसवलेल्या जांभळ्या रेशमी साडीत ती अवघडून उभी होती. समोरच्या गच्च्यांवर, जिन्यांवर, कठड्यांवर अख्खी गल्ली लोटली होती. उंचावरचा कॅमेरा हळूहळू खाली येऊन तिच्या तोंडासमोर थांबला. जिथं आमचं लोखंडी शटर होतं तिथं आता काचेचं दार होतं आणि दोन्ही बाजूंना कुंड्यांतली पामची झाडं. आई दार ढकलून आत गेली. मागून दादा आणि मी.

आत पांढराशुभ्र सोफा होता. काचेचा टीपॉय, त्यावर प्लास्टिकची लिली. छतात लपवलेले दिवे. भिंतीवर आम्हा तिघांचा दारापेक्षा मोठा फोटो. आई खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं चारी कोपऱ्यांतून नजर फिरवली.

"कसं वाटतंय, आई? अख्ख्या महाराष्ट्राला सांगा!" मधुरिमानं माइक पुढं केला.

"गिरणी कुठाय?"

"आई, आता तुम्हाला काम करायची गरजच नाही! हा तुमचा नवा हॉल. इथं आरामात बसायचं, टीव्ही बघायचा..."

"तायडे, मी तुला नीट विचारते. माझी गिरणी कुठाय?"

"कट!" कुणीतरी बाहेरून ओरडलं.

केतन सर म्हणून निर्माते होते, ते आत आले. गळ्यात हेडफोन, तोंडावर घाम. आईच्या खांद्याला हलकेच धरून म्हणाले, "आई, सगळं बोलू आपण. नंतर बोलू. आधी एकदा फक्त हसा. लोकांना तुमचा आनंद बघायचाय."

"हसू कशाला?" आई म्हणाली. मधुरिमानं तिला मिठी मारायला हात पसरले, ते आईनं बाजूला केले. मग त्या कोऱ्या फरशीवर, बरोबर जिथं गिरणीचा चौथरा होता तिथं, ती कॅमेऱ्याकडं पाठ करून खाली बसली. परत कुणी काय बोललं तरी उठली नाही. दादाला रडू फुटलं. कॅमेरा लगेच त्याच्याकडं वळला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी कुणी घराच्या नूतनीकरणाचा कार्यक्रम लावला की माझं डोकं तापतं आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आम्ही बार्शीचे. आप्पा गेले तेव्हा दादा, म्हणजे संग्राम, सातवीत होता आणि मी पहिलीत. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आप्पांची पिठाची गिरणी होती. चुलते म्हणाले, गिरणी भाड्यानं देऊन टाका, बाईमाणसाला हे जमायचं नाही. आईनं कुणाशी वाद घातला नाही. आधी ती पट्टा चढवायला शिकली, मग दगडाला टाकी लावायला. टाकी लावणं म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं परत खाचा पाडायच्या. वर्षभरात दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका वाट वाकडी करून आमच्याकडं दळण टाकायला लागल्या, कारण मालनबाई काशीदांच्या पिठाची भाकरी तव्यात चिरत नाही, असं झालं होतं. संध्याकाळी आईच्या भुवया, पापण्या, कानशिलं सगळं पांढरं असायचं. गिरणीवर तिचं राज्य होतं. कुणाच्या पोरीला स्थळ आलंय, कुणाच्या सुनेला दवाखान्यात न्यायला कुणी नाही, हे तिथं तिच्यापुढं यायचं आणि ती त्यावर काही ना काही करायची.

दादा शिकला, पुण्यात एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर झाला. त्यानंच 'नवं कोरं घर' या कार्यक्रमासाठी आमचं नाव पाठवलं होतं. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा आईलाही आनंद झाला होता. मागच्या दोन खोल्यांचा पत्रा गळत होता, मोरी बाहेर होती. डिझाइनर म्हणून एक तरुण मुलगा घर बघायला आला. आईनं त्याला चहा दिला आणि माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "मागचं सगळं तुमच्या मनासारखं करा. पुढच्या खोलीला हात लावायचा नाही. गिरणी आहे तशी राहू द्यायची."

"नक्की, आई," तो म्हणाला.

काम चालू असताना त्यांनी आईला आणि मला स्टँडजवळच्या लॉजवर ठेवलं. घराकडं फिरकायचं नाही, अशी अट होती. दादा सुट्टी काढून कामावर लक्ष ठेवत होता. म्हणून आई निर्धास्त होती.

चित्रीकरणवाले तंबू गुंडाळून गेल्यावर आईनं त्याला विचारलं, "तू इथंच होतास ना? मग?"

"त्यांनी परस्पर केलं गं, आई," दादा मान खाली घालून म्हणाला. "मी सामान आणायला गेलो होतो. येतो तर गिरणी नेलेली. करारात असतं तसं. डिझाइनरचा निर्णय शेवटचा."

"नेली कुठं?"

"भंगारात गेली म्हणतात."

आई भंगाराची सगळी दुकानं फिरून आली. कुणाकडंच तिला काही सापडलं नाही.

कार्यक्रम दाखवला त्या रविवारी गल्लीतल्या बायका आमच्या पांढऱ्या सोफ्यावर आणि सोफ्यापुढं फरशीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. पडद्यावर आईनं पट्टी ओढली, आत आली, आणि लगेच सनई सुरू झाली. गिरणीबद्दल तिनं दोनदा विचारलं होतं. एकदाही ते ऐकू आलं नाही. मधुरिमाचा आवाज आला, "इतकं सुंदर घर बघून आईंना काय बोलावं तेच कळेना." मग कुणीतरी लाडानं म्हणतंय, आई, एकदा हसा ना, आणि आई म्हणते, "हसू कशाला?" तिच्या सगळ्या बोलण्यातले हे दोनच शब्द त्यांनी ठेवले होते. मग ती मधुरिमाचे हात झटकते, पाठ फिरवून बसते. आणि मग दादा. रडणारा दादा, डोळे पुसणारा दादा, भिंतीला टेकून उभा असलेला दादा.

टीव्ही बंद झाल्यावर बायका चहालाही न थांबता उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजमधल्या मैत्रिणीनं मला फेसबुकवरचं त्या कार्यक्रमाचं पान दाखवलं. खाली प्रेक्षकांची मतं होती, सरकवत गेलं तरी संपेनात. मी घरी येऊन गप्प होते, पण आईनं माझं तोंड बघून ओळखलं.

"काय लिहिलंय लोकांनी? वाच."

"नको, आई."

"वाच म्हणते ना. सगळं वाच."

मी वाचायला लागले. 'एवढं सोन्यासारखं घर फुकटात मिळालं आणि बाईच्या तोंडावरची माशीही हलली नाही.' 'खऱ्या गरजूला द्या हो, असल्या माजुऱ्या लोकांना कशाला?' 'मधुरिमाचे हात झटकले तेव्हा टीव्ही फोडावासा वाटला.' 'सोफ्याची किंमत कळायलाही लायकी लागते.' 'त्या मुलाकडं बघून भरून आलं. असा मुलगा प्रत्येक आईला मिळो, पण अशी आई कुणालाच नको.'

हे शेवटचं लिहिणाऱ्या माणसाचं नाव मला अजून पाठ आहे. फोटोत त्याच्या मांडीवर त्याची लहान मुलगी होती.

आई म्हणाली, "पोराला चांगलं म्हटलंय ना? मग झालं. बाकीच्यांना काय ठाऊक?"

पण एवढ्यावर थांबलं नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्यांनी आमचं जुनं घर दाखवलं होतं, आणि शटरवर आईचं नाव अन् मोबाइल नंबर रंगवलेला होता. दळण झालं का ते विचारायला गिऱ्हाइकांना लागायचा. तो नंबर आता महाराष्ट्रभर गेला. फोन यायला लागले. मी म्हटलं, बंद करून ठेवू. आई म्हणाली, "का? मी काय चोरी केलीय?"

ती प्रत्येक फोन घ्यायची. नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांनी तिला संस्कार या विषयावर भाषणच दिलं. ते दम घ्यायला थांबले तेव्हा आई म्हणाली, "झालं का तुमचं? आता माझं ऐका. तुम्ही बाहेरगावी गेल्यावर कुणी तुमच्या पेन्शनचं पुस्तक फाडून टाकलं, आणि त्या जागी फुलदाणी ठेवली. हसाल?" पलीकडून फोन ठेवला गेला. दुसरी एक बाई म्हणाली, तुमच्या मुलाला किती वाईट वाटलं असेल. तेव्हा आईचा आवाज चढला. "माझ्या पोराचं नाव घेऊ नका. त्यालाही फसवलंय त्यांनी. तुमच्यापेक्षा जास्त मला कळतंय त्याचं."

एकच फोन वेगळा आला. शहाद्याहून कुणी बाई बोलत होती. "आमची पण गिरणी आहे, ताई. आधीच्या चित्रात मला पट्टा दिसला, नंतर दिसलाच नाही. कुठं हलवली तुम्ही?"

आईनं फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "मोडली हो. मला न विचारता मोडली." ती बाई पलीकडं हळहळली. मग दोघी दगडांबद्दल बोलत बसल्या, कुठला बरा, कुठला लवकर झिजतो. फोन ठेवल्यावर आईनं पहिल्यांदा डोळ्यांना पदर लावला.

पुढच्याच आठवड्यात केतन सरांचा फोन आला. प्रेक्षकांच्या एवढ्या प्रतिक्रिया आल्या आहेत की त्यावर एक खास भाग करायचा आहे, प्रेक्षक आणि आई समोरासमोर. दादा म्हणाला, "नको जाऊस. आणखी शोभा होईल." आई म्हणाली, "झाली तेवढी पुरे नाही का? आता मी बोलणार." दादा पुण्याहून आमच्याबरोबर आला. गाडीत सगळा वेळ तो बोटं मोडत होता. मला वाटलं, आईची काळजी.

मुंबईतला तो स्टुडिओ गोदामासारखा होता आणि आत कडाक्याची थंडी. पायऱ्यांवर प्रेक्षक बसलेले. मंचावर आई, दादा, मी आणि मधुरिमा. समोर दिव्यांचा इतका झगझगाट की पहिल्या दोन ओळींपुढचं काही दिसत नव्हतं. मधुरिमानं दोन-तीन मतं वाचून दाखवली, त्यातली सौम्य. मग डोंबिवलीच्या एक बाई माइक घेऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस, सुती साडी.

"मी भाड्याच्या खोल्या बदलत संसार केला," त्या म्हणाल्या. "आयुष्यात स्वतःचं घर झालं नाही. खरं सांगते, तुमचा फार राग आला मला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत आई वाट बघत राहिली.

"तुमचं काही चुकलं नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला दाखवलं तेवढंच तुम्ही बघितलं. त्या पुढच्या खोलीत माझी गिरणी होती. तिच्यावर मी दोन पोरं शिकवली. मी यांना चहा पाजून सांगितलं होतं, गिरणीला हात लावू नका. यांनी मला लॉजवर ठेवलं आणि ती मोडून भंगारात घातली. मी दोनदा विचारलं, गिरणी कुठाय? ते कापून टाकलं. माझ्या गल्लीत याला चोरी म्हणतात. मुंबईत काय म्हणतात ते ह्यांना विचारा."

स्टुडिओत चुळबुळ झाली. त्या पांढऱ्या केसांच्या बाई उभ्याच राहिल्या, खाली बसायचं विसरून. तेवढ्यात केतन सर स्वतः मंचावर आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आई, तुम्ही आमच्यावर चोरीचा आळ घेताय. हे आम्ही दाखवणार नव्हतो. पण आता दाखवावं लागेल."

"सर, ते नको," दादा एकदम उठून म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. आईनंही बघितलं.

"सर, प्लीज. आपलं ठरलं होतं," दादा म्हणाला.

मागच्या मोठ्या पडद्यावर आमचं जुनं घर उमटलं. गिरणीच्या शेजारी दादा उभा, शर्टाच्या बाहीवर पिठाचा डाग, तो झटकत होता. कॅमेऱ्यामागून कुणीतरी विचारलं, "गिरणीचं काय करायचं? आई तर नाही म्हणाल्या."

पडद्यावरचा दादा म्हणाला, "काढून टाका. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत, पाहुणे आले की पहिलं हे पीठ दिसतं. मुलीकडचे पुण्यातले आहेत, विचारतात, आई काय करतात? काय सांगू?" तो जरा हसला. "आईला आधी कळू देऊ नका. एकदा झालं की गप्प बसेल."

पडदा विझला.

मधुरिमा सगळ्यांत आधी सावरली. आईचा हात हातात घेऊन ती गोड आवाजात म्हणाली, "आई, शेवटी हे मुलाचं प्रेमच आहे ना? आईनं आता कष्ट करू नयेत, एवढंच त्याला वाटलं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. एवढं ऐकूनही त्यांना तो गोड शेवटच हवा होता.

"थांबा," आई म्हणाली. टाळ्या थांबल्या. ती उठून दादासमोर जाऊन उभी राहिली. "लाज कशाची वाटली तुला? पिठाची का माझी?"

"आई, कॅमेरा चालू आहे."

"चालू दे. घर मोडताना चालूच होता की. सांग, कशाची?"

दादाचे डोळे भरले.

"रडू नकोस," आई म्हणाली. "एकदा तुझ्या रडण्यावर लोकांनी मला शिव्या घातल्या. मी फोन घेऊन घेऊन त्यांच्याशी भांडले, तुझ्या बाजूनं भांडले. तू पुण्यात बसून ऐकत होतास."

मग तिनं कानामागं लावलेला माइक काढला, वायरीसकट मधुरिमाच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "वैजू, चल." आम्ही वाहिनीच्या गाडीत बसलो नाही. विचारत विचारत स्टँड गाठला. बस निघाली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर ती म्हणाली, "बाहेरच्या लोकांनी मला काय काय म्हटलं, ते मी पचवलं. गिरणी विकली, तेही एक वेळ पचवीन. पण 'गप्प बसेल' म्हणाला गं. माझ्या पोटचा पोर माझा असा हिशेब मांडतो?"

तो खास भाग पुढच्या रविवारी लागला. पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्यांना मिळालेल्या टाळ्या होत्या. मग एकदम आई हसताना दिसली. चित्रीकरणाआधी पावडर लावणाऱ्या मुलीनं काहीतरी विचारलं होतं, तेव्हा ती हसली होती; ते हसू त्यांनी उचलून शेवटी चिकटवलं. वरून मधुरिमाचा आवाज, "गैरसमज दूर झाले, आणि आईंच्या चेहऱ्यावर फुललं समाधान." खाली प्रेक्षकांची मतं पुन्हा वाहायला लागली. 'डोळ्यांत पाणी आलं.' 'शेवट गोड झाला, बरं वाटलं.' मांडीवर मुलगी घेतलेल्या त्या गृहस्थानं लिहिलं होतं, 'चूक कळली बाईंना, हेही नसे थोडके.'

मी त्याखाली खरं काय घडलं ते सगळं लिहिलं. थोड्या वेळानं बघितलं तर माझं लिहिलेलं तिथं नव्हतं. पुन्हा लिहिलं. तेही गेलं. आई म्हणाली, "सोड. हातानं करायचं काम पडलंय."

दादाकडून मी गिऱ्हाइकाचं नाव काढून घेतलं. गिरणी वैरागला एका माणसानं घेतली होती. आम्ही गेलो तेव्हा ती चालू होती. आमचाच पट्टा, आमचेच दगड, पुढं डब्यांची रांग. तो माणूस भला होता. सगळं ऐकून ओशाळला आणि म्हणाला, "न्या, ताई. मी दुसरी बघतो." आई त्या रांगेकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली. "चालू गिरणी मी बंद पाडणार नाही. दुसरी कुठं मिळंल तेवढं सांग." त्यानंच दुसरी जुनी गिरणी शोधून दिली आणि बसवायलाही आला. पांढरा सोफा आणि टीपॉय एका दातांच्या डॉक्टरानं विकत नेले. काचेचं दार काढलं, पट्ट्यासाठी ते नटवलेलं छत एका बाजूनं फोडलं. तिघांचा मोठा फोटो आईनं स्वतः उतरवला आणि भिंतीकडं तोंड करून मागच्या खोलीत ठेवला.

दादा आला तो दिवाळीच्या तोंडावर, अनारशाच्या आणि भाजणीच्या दळणांची झुंबड असताना. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. इस्त्रीच्या शर्टात तो दारातून आत शिरला तशा बायका गप्प झाल्या. गिरणी मात्र घरघरत होती. तो आईच्या जवळ गेला, वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला.

आईनं हात थांबवला नाही. पीठ बोटांत चोळून बघत ती म्हणाली, "मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही."

तो पुन्हा बोलला. त्याचे ओठ हललेले मला दिसले.

"मोठ्यानं!"

दादानं रांगेतल्या बायकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हा आता निघून जाईल. मग तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "आई, माझं चुकलं!"

पापण्यांवर साचलेलं पीठ आईनं मनगटानं पुसलं आणि त्याच्याकडं नीट बघितलं. गिरणी तिनं बंद केली नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता वाटेतनं बाजूला हो. बायका खोळंबल्यात."